चहाच्या पुडीमागचे सात हात



दुपारचे चार वाजून गेलेत. म्हणजे तुमच्यापैकी निम्म्याजणींनी आत्ताच आधण ठेवलं असणार. ठेवा. चहा उकळेपर्यंत मला ऐका आणि गाळून झाला की कप हातात घेऊन उरलेलं ऐका. आज मी चहाबद्दलच बोलणार आहे. चहा कसा करायचा ते मी तुम्हाला काय सांगणार! पण तो आपल्या डब्यात येतो कसा, वाटेत तो किती हातांतून जातो, आणि त्या हातांपैकी एकाने जरी हयगय केली तर नुकसान कुणाच्या पदरात पडतं, हे मात्र सांगणार आहे. कारण ते नुकसान आमच्या गटाच्या पदरात पडलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या बचत गटात आम्ही बाराजणी. कांदा-लसूण मसाला करून विकतो, तो व्यवसाय बरा चालतो. मग कुणीतरी म्हणालं, मसाला घरात महिन्याला एकदा लागतो, चहा रोज लागतो. चहापत्ती घाऊक आणू, पाव किलोच्या पुड्या बांधू आणि आपल्याच गावात विकू. ठराव झाला, वहीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. जून महिन्यात आम्ही ६० किलो दाणेदार चहा आणला, २४० रुपये किलोने. गटाच्या बचतीतून १४,४०० रुपये गेले. वर पुड्यांचा खर्च ७२० रुपये. २४० पुड्या तयार झाल्या. पुडी ७५ रुपयांना.

पहिल्या आठवड्यात ९० पुड्या विकल्या. आम्ही खूश. दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या ६२ परत आल्या. चहाला लसणाचा वास येत होता. एकीने तर तोंडावर सांगितलं, "बाई, हा चहा आहे का पिठल्याची फोडणी?" आम्ही हसलो आणि घरी जाऊन रडलो. सगळा चहा मसाल्याच्या खोलीत ठेवलेला होता. बाहेर पाऊस, भिंतींना ओल, पुड्यांची तोंडं नुसती स्टेपलरने बंद केलेली. उरलेला ५३ किलो चहा कुणी फुकटही घेईना. शेवटी तो खतात गेला. हिशेब केला तर १३,०२० रुपये बुडाले होते. बाराजणींत वाटले तर प्रत्येकीचे १,०८५ रुपये.

आमच्या गटात एक मावशी आहेत. नवरा नाही, रोजाने खुरपायला जातात, ३०० रुपये मजुरी. त्यांची जवळजवळ चार दिवसांची मजुरी त्या चहात गेली. मी समन्वयक, मीच पुढे होऊन ठराव करून घेतलेला. मी बैठकीत म्हणाले की घाऊकवाल्याने खराब माल दिला. मावशी गप्प बसल्या. सगळ्या उठल्यावर मला म्हणाल्या, "पोरी, चहा वाईट होता, का आपण वाईट केला?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझं बी.ए. मराठी घेऊन झालंय. एका प्रशिक्षणात मी 'सप्लाय चेन मॅनेजमेंट' हे शब्द ऐकले होते, वहीत लिहूनही घेतले होते, मराठीत त्याला पुरवठा साखळीचं व्यवस्थापन म्हणतात हेही लिहिलं होतं. पण समजलं काहीच नव्हतं. मावशींच्या प्रश्नामुळे मी चहाचा माग काढायला बसले. पुस्तकं वाचली, घाऊक दुकानात बसून विचारपूस केली, आणि चहा जिथे पिकतो तिथली माहिती मिळवली. तेच आज सांगते.

आपण पितो त्यातला बराचसा चहा आसामातून आणि बंगालच्या उत्तर भागातून येतो. देशात वर्षाला साधारण १३० कोटी किलो चहा तयार होतो, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या आसामात. आपल्याला वाटतं चहा म्हणजे साहेबांचे मोठे मळे. तसे मळे आहेतच. पण आज देशातल्या चहाचा सुमारे निम्मा वाटा छोटे उत्पादक पिकवतात. कुणाची दोन एकर, कुणाची चार एकर. त्यांना स्वतःचा कारखाना नसतो. ते हिरवं पान विकतात, जसं आपण दूध विकतो.

दुधाचं उदाहरण लक्षात ठेवा, कारण चहाचं पान दुधासारखंच आहे. दूध काढल्यापासून त्याची वेळ मोजली जाते. सकाळी सातला काढलेलं दूध डेअरीवर अकराला नेलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. चहाचं पानही झाडावरून खुडलं तरी जिवंत असतं, श्वास घेत असतं. ते पोत्यात दाबून भरलं की आतून गरम होतं. गवताची गंजी ओली रचली की हात घातल्यावर चटका बसतो ना, तसं. आणि दाबलं, चुरगळलं, की ते लाल पडायला लागतं. वांगं चिरून ठेवल्यावर काळं पडतं, तोच प्रकार. हे लाल पडणं कारखान्यात, ठरावीक वेळी, ठरावीक उष्णतेत व्हायला हवं असतं. त्यातूनच चहाला रंग आणि चव येते. ते वाटेतच पोत्यात सुरू झालं, तर कारखाना कितीही चांगला असो, तो चहा चांगला होत नाही.

म्हणून पहिला हात पान खुडणारीचा. हो, खुडणारीचाच. हे काम बहुतेक ठिकाणी बायकाच करतात. दोन कोवळी पानं आणि एक कळी, एवढंच खुडायचं. साधारण आठवड्याने पुन्हा त्याच झाडाकडे यायचं. दोनचार दिवस उशीर झाला की पान जून होतं, देठ कडक होतो. मजूर मिळाले नाहीत, पाऊस थांबला नाही, घरात कुणी आजारी पडलं, तरी पान थांबत नाही. भेंडी तोडायला एक दिवस उशीर झाला तर बाजारात तिला कुणी विचारत नाही, तसंच.

दुसरा हात पानं गोळा करणाऱ्या दलालाचा. छोट्या उत्पादकाकडे दिवसाला पन्नास-शंभर किलो पान निघतं. तेवढ्यासाठी गाडी करून कारखान्यात जाणं परवडत नाही. मग दलाल गाडी घेऊन येतो, दहा-वीस घरांची पानं एकत्र भरतो आणि कारखान्याला देतो. त्याचं कामही गरजेचं आहे, त्याला नुसतं वाईट म्हणून चालणार नाही. पण गंमत बघा. एकीने निवडून कोवळं पान खुडलं, दुसरीने हाताला येईल ते ओरबाडलं. दोघींची पानं एकाच गाडीत पडली. कारखान्यात गाडीतला नमुना काढून कोवळं पान किती टक्के ते बघतात आणि सगळ्या गाडीला एकच दर लावतात. निवडून खुडणारीला वाटतं, मग मी कशाला मरमर करू? पुढच्या वेळी तीही ओरबाडते. दुधाला फॅट न लावता सगळ्यांना एकच दर दिला असता, तर आपल्या गावात पाणी न घालणारी एक तरी गवळण उरली असती का?

तिसरा हात कारखान्याचा. पान विकत घेऊन चहा करणारे कारखाने असतात. हिरव्या पानात शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी भाग पाणीच असतं. साडेचार किलो पानातून जेमतेम एक किलो चहा होतो. कारखान्यात पान आधी पसरून बारा ते अठरा तास सुकवतात, मग यंत्राच्या दातेरी रुळांतून चिरडतात, फाडतात आणि वळतात. आपला दाणेदार चहा, ज्याला काही दुकानदार ममरी म्हणतात, तो या यंत्रातून येतो. ते यंत्र १९३० साली आसाममध्येच निघालं. त्यानंतर तो लाल होऊ देतात आणि गरम हवेने वाळवतात. शेवटी चहात पाणी उरतं सुमारे तीन टक्के. हा आकडा विसरू नका, याच्याशी आमच्या ५३ किलोंचा संबंध आहे.

कारखान्याची अडचण वेगळी. उत्तरेकडच्या चहाला हिवाळ्यात पान नसतं. मार्चमध्ये पहिला बहर येतो आणि जुलै ते ऑक्टोबर पानांचा पूर येतो. त्या महिन्यांत पान इतकं येतं की कारखान्याला पेलत नाही. गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या, पान तापतंय, दर पडतोय. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याच्या गव्हाणीपुढे उभ्या राहतात आणि ऊस वाळून वजन घटतं, हे आपण बघतोच. उसाला एकदोन दिवस तरी कळ काढता येते. चहाच्या पानाचा खेळ तासांचा.

चौथा हात गोदामाचा आणि लिलावाचा. तयार चहा गोण्यांत भरून लिलाव केंद्राच्या गोदामात जातो. पूर्वी प्लायवूडच्या पेट्या असायच्या. आपल्या आज्यांच्या घरात चहाच्या रिकाम्या पेटीत गोधड्या ठेवलेल्या असायच्या, त्याच त्या. आता जाड कागदाच्या, अनेक पदरी गोण्या असतात. कोलकात्यात चहाचा पहिला लिलाव १८६१ साली झाला. गुवाहाटीचं केंद्र १९७० मध्ये सुरू झालं. दलाली करणाऱ्या कंपन्या प्रत्येक मालाचे नमुने काढतात, चव घेणारी तयारीची माणसं चहा करून, तोंडात घोळवून, थुंकून त्याची किंमत आजमावतात, नमुने खरेदीदारांना जातात आणि मग बोली लागते. आता ही बोली संगणकावर होते. सगळाच चहा लिलावातून जात नाही. बराचसा थेट सौद्यानेही विकला जातो. पण लिलावातला दर बघूनच सौदे ठरतात.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. साखळीत फक्त माल चालत नाही, तीन गोष्टी चालतात. माल पुढे जातो, पैसा मागे येतो, आणि माहिती दोन्हीकडे जायला हवी असते. माल गोदामात पोचून नमुने काढून विकला जायला आठवडे लागतात, विकल्यावर पैसे यायला आणखी दिवस लागतात. तोपर्यंत कारखान्याला कोळसा, वीज, मजुरी द्यायचीच असते. म्हणून तो कर्ज काढतो, व्याज भरतो, आणि हाताला पैसा नसला की पान देणाऱ्याचे पैसे अडकतात. बँकेचा हप्ता चुकवता येत नाही, पानवाल्याला थांबवता येतं. सगळ्यात शेवटी थांबते ती खुडणारी. आणि तिच्या पानाचा चहा कितीला गेला, चांगला ठरला की वाईट, हे तर तिच्यापर्यंत पोचतच नाही. माल वेगाने गेला, पैसा हळू आला, माहिती वाटेतच मेली.

समजा, पानाला किलोमागे २० रुपये मिळाले. साडेचार किलोचे झाले ९० रुपये. म्हणजे एक किलो चहात पिकवणाऱ्याच्या वाट्याला ९०. त्यातूनच तिचं खत, फवारणी, मजुरी. दुकानातला दर आणि हे ९०, यांच्यामध्ये जी दरी आहे ती सगळी कुणी खाल्ली असं मी म्हणणार नाही. वाळवणं, वाहतूक, गोदाम, व्याज, मिश्रण, पुडी, कर, नफा, सगळ्याला पैसे लागतात. पण त्या दरीत वाया गेलेलं पान, तुंबलेला माल आणि उशिराचं व्याजही आहे. साखळी नीट चालवणं म्हणजे हे वाया जाणं कमी करणं. आणि ते कमी झालं तर वाचलेला रुपया कुणाकडे जाईल, हेही आधी ठरवून घेणं.

पाचवा हात मिश्रण करणाऱ्याचा. आसामचा चहा कडक, दुसरीकडचा सुगंधी, एका महिन्याचा रंग जास्त, दुसऱ्याचा कमी. आपल्याला मात्र बाराही महिने एकच चव पाहिजे. म्हणून पाकीटवाल्या कंपन्या निरनिराळे चहा मिसळतात. त्यासाठी त्यांना साठा लागतो. हिवाळ्यात पान नसतं, तेव्हा आपण पितो तो आधी साठवलेलाच चहा.

सहावा हात वाहतुकीचा आणि घाऊक व्यापाऱ्याचा. आसामातून माल बाहेर येतो तो सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या पट्टीतून. तिथे पूर आला, रस्ता खचला, की गाड्या अडल्या. मग कितीतरी दिवसांचा आणि मैलांचा प्रवास करून चहा आपल्या जिल्ह्याच्या बाजारपेठेत उतरतो. सातवा हात किराणा दुकानदाराचा. आणि शेवटी आपलं पातेलं.

ही साखळी एके ठिकाणी तुटली की काय होतं, ते आपण सगळ्यांनी २०२० साली बघितलंय. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. नेमका तो पहिल्या बहराचा काळ. मळे बंद, पान झाडावरच वाढून जून झालं. उघडल्यावर ते सगळं छाटून टाकावं लागलं, मग नव्या पालवीची वाट बघावी लागली. पुढे पुराने गाठलं. २०१९ मध्ये देशात सुमारे १३९ कोटी किलो चहा झाला होता, २०२० मध्ये तो १२६ कोटींच्या आसपास आला. लिलावात भाव चढले आणि त्या वर्षी आपल्या दुकानात पुडी महागली. आपण दुकानदाराशी भांडलो. त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं की हे झाडावर जून झालेल्या पानाचे पैसे आहेत.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. चहा वाईट होता का? नाही. तीन टक्के ओल ठेवून वाळवलेला चहा म्हणजे कोरडा स्पंज. तो ओल ओढतो आणि वासही ओढतो. इतक्या दूरच्या बाईने कोवळं पान निवडून खुडलं, कारखान्याने रात्रभर जागून ते वाळवलं, किती हातांनी ते सांभाळून आणलं, आणि आम्ही ते कांदा-लसूण मसाल्याशेजारी ओलसर भिंतीला टेकवून ठेवलं. साखळीतला आठवा हात आमचा होता आणि तोच निसटला. मी पुढच्या बैठकीत हे सगळ्यांसमोर कबूल केलं. सोपं गेलं नाही. पण गटात चूक दुसऱ्याच्या नावावर लिहिली की ती पुन्हा होते, एवढं मला वहीने शिकवलंय.

मैत्रिणींनो, या शोधात मला ज्या गोष्टीचा सगळ्यात आनंद झाला ती आता सांगते. बंगालच्या जलपायगुडी भागात आणि आसामात छोट्या चहा उत्पादकांचेही बचत गट आहेत. आपल्यासारखेच. त्यांनी काय केलं? पानं एका ठिकाणी गोळा करायला शेड घेतली. स्वतःचा वजनकाटा घेतला. दाबून भरायच्या पोत्यांऐवजी प्लास्टिकचे क्रेट आणि हवा खेळती राहील अशा जाळीच्या पिशव्या घेतल्या. कुठे गाडी घेतली. या वस्तूंसाठी कोलकात्याच्या चहा मंडळाच्या योजनांतून गटांना मदत मिळते. मग गट सरळ कारखान्याशी बोलतो. पान लवकर पोचतं, तापत नाही, कुणाचं पान कसं ते शेडमध्येच दिसतं. चहा मंडळ पानाचा जिल्हावार सरासरी दरही जाहीर करतं, त्यामुळे आपल्याला मिळालेला दर ताडून बघता येतो. म्हणजे त्यांनी कारखाना विकत घेतला असं नाही. त्यांनी फक्त आपल्या पुढची एक कडी आपल्या हातात घेतली. एक काटा, चार क्रेट आणि दराची माहिती.

आफ्रिकेतल्या केनियात हेच आणखी मोठं झालंय. तिथे सहा लाखांहून जास्त छोटे शेतकरी एका संस्थेखाली आहेत आणि चहाचे कारखाने त्या शेतकऱ्यांच्या भागभांडवलाचे आहेत. गावातल्या संकलन केंद्रावर पान मोजलं जातं, दर महिन्याला काही रक्कम मिळते आणि वर्षाखेर, चहा विकला गेल्यावर, बोनस मिळतो. आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याची पहिली उचल आणि नंतरचं अंतिम बिल असतं, तसं. तिथेही बोनसवरून तक्रारी होतात, शेतकरी रस्त्यावर येतात. भागभांडवल आपलं असलं तरी हिशेब मागावाच लागतो. पण निदान मागायला जागा तरी असते.

हे सगळं समजल्यावर आम्ही डिसेंबरमध्ये पुन्हा चहाला हात घातला. सगळ्या तयार नव्हत्या. दोघीजणी म्हणाल्या, आमचे पैसे यात नकोत. त्यांचं आम्ही मान्य केलं. या वेळी कसं केलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाचा गट पापड, हळद, शेवया, काहीही करत असेल, तरी हे उपयोगी पडेल.

पहिलं, एकदम ६० किलो नाही, एका वेळी १५ किलो. त्यामुळे किलोला २४० ऐवजी २५० द्यावे लागले. पण दहा रुपये वाचवायला जाऊन माल तीन महिने पडून राहिला, तर ते दहा रुपये कितीला पडतात ते आम्ही भोगलंय.

दुसरं, घेण्याआधी शंभर ग्रॅम नमुना आणतो. बैठकीत तो नुसत्या पाण्यात, दूध-साखर न घालता करतो. आधी वास, मग रंग, मग चव. पसंत पडला तरच पोतं उचलायचं. कोलकात्यातले चव घेणारे करतात, तेच आमच्या ओसरीवर.

तिसरं, चहाची जागा वेगळी. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, जमिनीपासून वर फळीवर, आणि मसाल्याच्या खोलीपासून चार घरं लांब. पुड्यांची तोंडं आता स्टेपलरने नाही, सीलिंग मशिनने बंद करतो.

चौथं, पुडीवर तारीख आणि पोत्याचा नंबर. एखादी पुडी परत आली तर कुठल्या पोत्यातली, कुणी बांधली, ते दोन मिनिटांत कळतं. खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षेची नोंदणीही लागते. पहिल्या वेळी आम्ही ती केली नव्हती, आता केली. तुम्ही आधी करा.

पाचवं, माहिती मागे पाठवायची. गिऱ्हाईक काय म्हणतं ते वहीत लिहितो आणि पुढच्या खेपेला घाऊकवाल्याला सांगतो. एकदा चहात चुरा जास्त आला. आम्ही नंबर सांगितला, नमुना दाखवला, त्याने पुढच्या वेळी दुसरा माल दिला. ज्याच्यावर मी आळ घेतला होता, तोच हा माणूस. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, चहा मसाल्याजवळ ठेवू नका, हे मी सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही." माहिती वाटेतच मेली, म्हणाले ना मघाशी? ती अशी.

आजवर सहा खेपा झाल्या. ९० किलो चहा गेला. किलोला खरेदी २५०, पुडी-सीलिंगचा खर्च १२, विक्री ३००. म्हणजे किलोमागे ३८ रुपये. ३,४२० झाले. सहा वेळा एसटीने जायचे-यायचे ४२० रुपये वजा. उरले ३,०००. बुडालेल्या १३,०२० पैकी १०,०२० अजून भरायचेत. तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण त्या ९० किलोंतली एकही पुडी परत आलेली नाही. आणि मागच्या महिन्यात बाहेर राहिलेल्या दोघीजणी स्वतःहून म्हणाल्या, आता आमचंही नाव घाला.

चहाचा डबा आता मावशींच्या घरी असतो. त्यांच्या घरात मसाल्याचा वास नाही, आणि त्यांचं नाक तयार आहे. नवं पोतं आलं की त्या आधी मूठभर चहा हातावर घेतात, वास घेतात, बोटांनी चोळून ओल बघतात, मगच "घ्या" म्हणतात. परवा मूठ उघडून मला म्हणाल्या, "हे कुठल्या बाईनं खुडलं असंल गं? तिला काय मिळालं असंल?"

मला वाटतं, ज्या दिवशी आपण पुडी फोडताना हा प्रश्न विचारायला लागतो, त्या दिवशी आपण त्या साखळीतल्या नुसत्या शेवटच्या राहत नाही. आपण कुणाच्या तरी पुढे आणि कुणाच्या तरी मागे आहोत, हे कळतं. पुढच्या वेळी तुमचं दूध, तुमची हळद, तुमची भेंडी गाडीत चढेल तेव्हा एवढंच बघा, तुमच्या पुढचा हात कुणाचा आहे, तो माल कसा धरतो, पैसे किती दिवसांनी देतो आणि तुम्हाला काय सांगत नाही. तेवढी एक कडी बाराजणींनी मिळून धरली, तरी पुष्कळ झालं.

चहा उकळला असेल. गॅस बारीक करा. आणि हो, चहाचा डबा मसाल्याच्या डब्याशेजारी असेल, तर आज तेवढा हलवा.

नमस्कार.